आपल्याले कोनी पकडलं नाही

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमच्या घरात साडेदहानंतर फोन म्हणजे कोणीतरी गेलं, असंच आधी मनात येतं. घाबरत उचलला. तर म्हणाला, "दादा, पोरगी नोकरी सोडतो म्हनते. तू समजावून सांग तिले. तुह्यं ऐकते ती."

कोणी गेलं नव्हतं. कोणीतरी निघालं होतं, एवढंच.

पोरगी म्हणजे माझी पुतणी. वय २६. हिंजवडीला एका कंपनीत चार वर्षांपासून आहे. पगार विचाराल तर माझ्या बँकेतल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीला लाजवेल असा. मला 'मोठे बाबा' म्हणते, हे आमच्या वऱ्हाडातलं. पुण्यात कोणासमोर तिनं तशी हाक मारली की लोक माझ्याकडे आश्चर्यानं बघतात, एवढा कोण मोठा माणूस आहे म्हणून :) तर ही पोरगी दोन वर्षांपासून शनिवार-रविवार एका नाटकाच्या ग्रुपमध्ये जाते. नाटकं संगीत. म्हणजे नट स्वतः उभे राहून गातात, पडद्यामागून दुसऱ्याचा आवाज येत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, २०१७ साली आलेलं 'संगीत देवबाभळी' तिनं पाहिलं. रंगमंचावर दोनच बाया, दोघी बोलतायत आणि त्यातूनच गातायत. ते तिच्या डोक्यात जे बसलं ते अजून उतरलेलं नाही. आता तिला हेच करायचं आहे, आणि आठवड्याचे सातही दिवस करायचं आहे.

मी भावाला म्हटलं, "बघतो." आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला नानाकाका आठवले.

आमचं गाव धामणगाव बढे. हे पूर्ण सांगावं लागतं. नुसतं धामणगाव म्हटलं की लोक म्हणतात, अरे हो, वर्ध्याच्या अलीकडचं स्टेशन. ते धामणगाव रेल्वे, अमरावती जिल्ह्यातलं. आमचं बुलडाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं. आमच्या गावाला रेल्वे नाही. आगगाडीत बसायचं तर आम्ही मलकापूरला यायचो. कापसाचं गाव. दिवाळीनंतर घराघरात ओसरीपर्यंत कापूस भरलेला असायचा आणि आम्ही पोरं त्यात उड्या मारून बोलणी खायचो.

नानाकाका म्हणजे माझ्या वडलांचे चुलतभाऊ. सोसायटीचे गटसचिव होते. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी जी गावची सेवा सहकारी सोसायटी असते, तिचे सगळे हिशेब गटसचिवाकडे. रोजकीर्द, खतावणी, कोणाचे किती थकले, कोणी किती भरले. अक्षर मोत्यासारखं. आणि गळा... गळ्याबद्दल मी काय सांगू? माझ्यावर विश्वास ठेवा एवढंच म्हणतो, कारण पुरावा काहीच नाही. त्यांच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. मोबाईल घरोघरी आले तेव्हा त्यांचा आवाज गेलेला होता.

त्यांना गाणं कोणी शिकवलं नाही. ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, त्याचा भोंगा बाहेर लावलेला. आकाशवाणी नागपूर. बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम संपला की बाकीचे लोक उठून जात, नाना पाराखाली बसून राहत. पुढं त्यांनी स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला, आणि ऐंशीच्या दशकात टू-इन-वन. त्या टू-इन-वनबरोबर पहिली कॅसेट आली ती 'कट्यार काळजात घुसली'ची. ती कॅसेट इतकी वाजली की फीत दोनदा तुटली आणि नानांनी ती चिकटपट्टी लावून जोडली. त्यामुळे एका पदात मधेच आवाज एक गचका खाई. मी ते पद लहानपणापासून तसंच ऐकलेलं. पुढं पुण्यात खरं रेकॉर्ड ऐकलं तेव्हा तो गचका नाही म्हणून मलाच चुकल्यासारखं वाटलं.

आता वसंतरावांविषयी.

डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० चा, मूर्तिजापूरचा. अकोला जिल्हा. नाना हे फार अभिमानानं सांगायचे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर... बोटं मोडत स्टेशनं मोजायचे आणि म्हणायचे, "एकाच रुयावर आहो आपन." (रूळ. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, हे आमचे नातेवाईक जाणतात, बाकीच्यांनी समजून घ्यावं.)

लहानपण नागपुरात गेलं. आईनं एकटीनं वाढवलं. शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचा पाया झाला. भालजी पेंढारकरांनी या पोरातलं पाणी ओळखलं आणि 'कालियामर्दन' (१९३५) चित्रपटात त्याला कृष्ण केलं. म्हणजे बघा, पोरवयातच कॅमेऱ्यासमोर. इतर कोणाची गोष्ट असती तर इथून पुढं यशाची शिडी लागली असती. इथं तसं झालं नाही. इथं पुढं आली ती नोकरी. पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. आणि ती थोडीथोडकी नाही, सुमारे चोवीस वर्षं.

या चोवीस वर्षांत गाणं थांबलं होतं असं नाही. सगळीकडून वेचणं तर आधीपासूनच चालू होतं. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून मारवा घेतला. किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर... जिथं मिळेल तिथून. मास्टर दीनानाथांच्या गायकीचा पगडा तर आयुष्यभर राहिला. तबलाही उत्तम वाजवायचे. त्यामुळे 'तुमचं घराणं कुठलं' या प्रश्नाला त्यांच्याकडे सरळ उत्तर नव्हतं, आणि त्या काळी असं उत्तर नसणं म्हणजे मैफलीच्या दारात अडवलं जाणं. मैफली होत होत्या, रेडिओ होता, मित्रवर्य पु. ल. देशपांडे यांच्या 'गुळाचा गणपती'त (१९५३) गायले. पण सगळं रजा टाकून, नाहीतर ऑफिस सुटल्यावर. त्यात बदली झाली ती थेट ईशान्य सरहद्दीवर, नेफात. कुठं पुण्यातलं गाणं आणि कुठं नेफा. शेवटी वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास नोकरी सोडली.

आणि १९६७ साली 'कट्यार' आलं. वसंतराव तेव्हा ४७ वर्षांचे होते.

जरा थांबून विचार करा. संगीत नाटकातल्या नटाची कारकीर्द त्याआधी कशी असायची? नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा १७ वर्षांचे होते. पोरवयात कंपनीत भरती व्हायचं, कंपनीच्या बिऱ्हाडात जेवायचं, तिथंच तालीम, तिथंच गुरू, आणि मिसरूड फुटायच्या आत स्त्रीपार्ट करायचा. कंपनी गावोगाव मुक्काम करी. कापसाचा पैसा खुळखुळायचा म्हणून आमच्या वऱ्हाडातही कंपन्यांचे मोठे मुक्काम पडत. वन्समोअरवर वन्समोअर, नाटक पहाटेपर्यंत. मग बोलपट आला, कंपन्या बसल्या, बालगंधर्वांसारख्यांच्या वाट्याला कर्ज आणि हाल आले. १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व गेले. आणि त्याच वर्षी 'कट्यार' रंगमंचावर उभं राहिलं. मला हा योगायोग नेहमी खुणावतो.

तोवर कंपनीची पद्धत जाऊन 'नाइट'ची पद्धत आली होती. म्हणजे प्रयोगागणिक पैसे. प्रयोग झाला तर नाइट मिळाली, नाही तर घरी बसा. प्रयोग संपला की मेकअप उतरवायचा, बसमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी तोच तार षड्ज तेवढ्याच ताकदीनं लावायचा. रिटेक नाही. घसा बसला तरी पडदा वर जातो. पेन्शन नाही, रजा नाही. (हा परिच्छेद भावासाठी नाही, त्यानं वाचू नये.)

म्हणून त्या काळातले शहाणे गायक-नट काय करत? रामदास कामतांचं उदाहरण घ्या. एअर इंडियातली नोकरी सांभाळली आणि 'मत्स्यगंधा'तला (१९६४) पराशर, 'ययाति आणि देवयानी'तला (१९६६) कच अशा भूमिका गाजवल्या. नोकरीही, नाटकही. दोन्हींना न्याय दिला. २०२२ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा लोकांना त्यांची नाटकंच आठवली, ऑफिस कोणाला आठवलं नाही. मी पुतणीला नेमकं हेच उदाहरण द्यायचं ठरवलं होतं. कागदावर टिपूनही ठेवलं होतं. बँकेची सवय!

पण त्याआधी 'कट्यार'ची गोष्ट सांगायला हवी, कारण नानांचं बोलणं त्याशिवाय कळणार नाही. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. दारव्हेकर मास्तर नागपूरचे. म्हणजे लिहिणारा विदर्भाचा, गाणारा विदर्भाचा. संगीत दिलं गोव्याच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी, आणि रंगमंचावर आणलं प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'नं. विश्रामपूर नावाचं संस्थान. तिथं दरवर्षी गाण्याचा मुकाबला होतो. जिंकेल तो राजगायक, त्याला हवेली, आणि सोबत एक कट्यार. त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकर वर्षानुवर्षं जिंकतात, खाँसाहेब आफताब हुसेन वर्षानुवर्षं हरतात. मग कपटानं पंडितजींचा आवाज घालवला जातो आणि खाँसाहेब जिंकतात. हवेली मिळते, कट्यार मिळते. पण आपण गाऊन जिंकलो नाही, हे त्यांना आतून माहीत आहे. पंडितजींकडे शिकायच्या ओढीनं सदाशिव नावाचा तरुण येतो, तर हवेलीत खाँसाहेब. ते याला कशाला शिकवतील? मग हा नोकर बनून हवेलीत राहतो, आणि आडून, लपून त्यांचं गाणं ऐकत शिकतो. आणि एक दिवस पकडला जातो.

वसंतराव खाँसाहेब होते. सदाशिव होते प्रसाद सावकार. फैय्याज होत्या झरीना. नुसतं चांगलं गाऊन भागणार नव्हतं. खाँसाहेबांचा तो ताठा, ती जळजळ, उर्दूच्या वळणाची ती भाषा, आणि जिंकल्यावरही न निवणारा तो माणूस, हे सगळं गाण्यातूनच दिसायला हवं होतं. एकच पद नाटकात दोन ढंगांनी येतं, पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या. ऐकताना कळतं की शब्द तेच, सूर वेगळे आणि माणूस तर साफ वेगळा. दहा ठिकाणांहून गाणं गोळा केलेल्या, घराण्याच्या दारात अडवलेल्या माणसालाच हे जमलं असावं, असं माझं मत.

हे मत मी एकदा नानांसमोर मांडलं होतं. २०१५ ची दिवाळी. 'कट्यार'वरचा सिनेमा पाडव्याला लागला. सुबोध भावेंनी केलेला. मी नानांना मुद्दाम पुण्याला आणलं. तेव्हा ते ७७ वर्षांचे. आयुष्यभर ज्याची कॅसेट ऐकली ते नाटक त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं! प्रयोग कधी आमच्या बाजूला आला तेव्हा सोसायटीचं ऑडिट होतं, कधी बहिणीचं लग्न, कधी पैसे नव्हते. २०१० ला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा उभं केलं, त्या वेळी मी बोलावलं होतं, तर काकूचं ऑपरेशन निघालं. असं करत करत पन्नास वर्षं गेली. त्यामुळे सिनेमा तर सिनेमा.

थिएटरात नाना अगदी ताठ बसले होते. पॉपकॉर्नला हात लावला नाही. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर, आवाज राहुल देशपांडे यांचा. पहिलं पद सुरू झालं तशी माझ्या हातावर हात ठेवून कुजबुजले, "नातू हाय ना त्याचा? आवाजात आजा दिसते." मग शेवटपर्यंत एक शब्द नाही.

बाहेर आल्यावर चहा घेतला आणि मी माझं तत्त्वज्ञान सुरू केलं. की बघा नाना, चोवीस वर्षं नोकरी केली म्हणून तर वसंतरावांना खाँसाहेब कळला. ती वर्षं वाया नाही गेली. ती तालीमच होती एका अर्थानं.

नानांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "अशी कारकुनाची समजूत काढू नको बाप्पा. चोवीस वर्षं नावे, सोया वर्षं जमा. सरळ हिशेब हाय."

मला आधी कळलं नाही. मग मोजलं. १९६७ ते १९८३. ३० जुलै १९८३ ला वसंतराव गेले, ६३ व्या वर्षी. 'कट्यार'पासून मोजली तर नाटकातला गायक-नट म्हणून त्यांना मिळालेली वर्षं सोळासुद्धा भरत नाहीत. तेवढ्यात 'कट्यार'चे शेकडो प्रयोग, मैफली, 'अष्टविनायक'मधलं (१९७९) ते मुलीच्या पाठवणीचं गाणं, जे अजून आपल्याकडच्या लग्नात लावलं की मांडवातला एकेक माणूस कोपरा धरतो. १९८२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. सगळं त्या सोळात. आणि नानांचं म्हणणं, उरलेली चोवीस असती तर?

"आनि दुसरी गोष्ट," नाना म्हणाले, "वसंतरावाचं झालं म्हनून तू सांगून रायला. चोवीस वर्षं खर्डेघाशी करनारे गानारे अजून किती असतीन? त्यायचं नाव हाय का तुले माहीत?"

मी गप्प. कारण एक नाव मला माहीत होतं. समोरच बसलं होतं.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण मोठ्यानं कोणी बोलत नाही. नाना बावीस-तेवीस वर्षांचे असताना नागपूरकडचे एक नाटकवाले गृहस्थ आमच्या पाहुण्यांच्या लग्नात आले होते. रात्री नाना गायले. त्या गृहस्थांनी सांगितलं, माझ्यासोबत चला, पुढचं मी पाहतो. नानांचे वडील दोनच वर्षांपूर्वी वारलेले, दोन बहिणी लग्नाच्या, शेतावर कर्ज. नानांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं. पत्र लिहिलंही, पण टाकलं नाही. ते पत्र पुढं कितीतरी वर्षं पेटीच्या खोक्यात होतं असं काकू सांगायची. मी पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी पुण्यात रिक्षा मिळेना म्हणून आम्ही चालत निघालो. बऱ्याच वेळानं नाना आपणहून बोलले. तेच वाक्य मी वर शीर्षकात घातलंय.

"तो सदाशिव लपून ऐकते ना, तसंच आपन ऐकलं रे. रेडिओच्या आडून. जनमभर. पन तो पकडल्या गेला. आपल्याले कोनी पकडलं नाही."

मी पुढं काय बोलणार होतो?

सदाशिवाला खाँसाहेब पकडतात, अंगावर कट्यार धावते, पण त्यामुळेच त्याचं गाणं त्यांच्या कानावर पडतं. पकडला गेला नसता तर तो हवेलीतला एक नोकर म्हणूनच म्हातारा झाला असता. चांगला नोकर. मोत्यासारखं अक्षर असलेला. वसंतरावांनाही कोणी ना कोणी पकडतच गेलं. लहानपणी भालजींनी पकडलं, मग पुलंसारख्या मित्रानं, मग दारव्हेकर मास्तरांनी आणि अभिषेकीबुवांनी. आज नागपुरात सिव्हिल लाइन्सला त्यांच्या नावाचं सभागृह आहे, नातवानं त्यांच्यावरच्या 'मी वसंतराव' (२०२२) चित्रपटात त्यांचीच भूमिका केली आणि त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. हे सगळं व्हायला आधी कोणीतरी ऐकावं लागतं. नुसतं वाः म्हणून घरी जाण्यासारखं ऐकणं नव्हे. पुढचं मी पाहतो, असं म्हणण्यासारखं.

आणि नानांना आम्ही घरच्यांनी काय केलं? दिवाळीला, लग्नाला 'नाना, म्हणा एखादं' म्हटलं, ते म्हणत असताना पंक्ती वाढल्या, आणि झाल्यावर 'छान' म्हणालो. टेपरेकॉर्डर घरात होता. कोऱ्या कॅसेटी मलकापूरला मिळत होत्या. एकदाही त्यांचं गाणं भरून ठेवावं असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

नाना २०१९ ला गेले. पेटी माळ्यावर आहे.

असो. तर पुतणीला मी एका रविवारी घरी बोलावलं. कागद समोर होता. मुद्दा पहिला, कामतांचं उदाहरण. मुद्दा दुसरा, भविष्य निर्वाह निधी. मुद्दा तिसरा, लग्न (हा वहिनीनं घालायला लावलेला). पोरगी आली, पोहे खाल्ले, आणि म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही काय बोलणार ते मला माहीत आहे. फक्त एक विचारते. तुम्ही मला गाताना ऐकलंय?"

मी म्हटलं, "म्हणजे काय, लहानपणापासून..."

"नाही. नाटकात."

नाही ऐकलं. दोन वर्षांत तिनं तीनदा बोलावलं. एकदा बँकेचं क्लोजिंग होतं. एकदा पाऊस होता. एकदा... तिसऱ्या वेळचं कारण मला आठवतसुद्धा नाही. इतकं ते किरकोळ असणार.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. तिला नानांची गोष्ट सांगितली, ती रिक्षा न मिळालेल्या संध्याकाळची. नानाआजोबा गायचे हे तिला माहीत होतं, पत्राचं माहीत नव्हतं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्यांना कोणी पकडलं असतं तर ते वसंतराव झाले असते का?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, माहीत नाही बेटा. कदाचित झाले नसते. कदाचित कुठल्यातरी नाटकात चौथ्या अंकातलं एक पद म्हणून, नाइटचे पैसे बुडून, दहा वर्षांनी धामणगावला परत आले असते. शेत गेलं असतं, आत्यांची लग्नं अडली असती. त्यांनी सोसायटीत राहून दोन बहिणी उजवल्या, माझ्या कॉलेजची पहिली फीसुद्धा त्यांनीच भरली. हेही खरंच आहे. पण 'झालो नसतो' हे कळायलासुद्धा एकदा जावं लागतं. नानांना तेही कळलं नाही.

ती म्हणाली, "मला एकदम राजीनामा टाकायचा नाहीये. आठ महिन्यांचे पैसे साठवलेत. वर्षभर करून बघायचं आहे." हे तिनं तिच्या बापाला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. त्यानं 'नोकरी सोडते' एवढंच ऐकलं. आम्ही भाऊ एकसारखेच.

पुढच्या शनिवारी मी गेलो. छोटं नाट्यगृह, शंभरेक माणसं असतील. ती दुसऱ्या प्रवेशात आली. पहिल्या पदात आवाज थोडा कापला, माझ्या पोटात गोळा आला. मग सावरली. ती चांगली गाते की फार चांगली गाते, हे ठरवायला मी लायक नाही. मी बँकेतला माणूस. पण मधेच एका ठिकाणी तिनं बोलता बोलता सूर धरला, म्हणजे बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते कळलंच नाही, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंच्या तोंडून 'अरे' असं निघालं. एवढंच, 'अरे'. मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागलो होतो. बंद करा म्हणून तिथल्या मुलानं दटावलं. बरोबरच आहे त्याचं. पण त्या पोराला काय सांगणार की आमच्या घरात हे पन्नास वर्षं उशिरा चाललंय!

दिवाळीत गावी गेलो तेव्हा पेटी माळ्यावरून काढली. भाता उंदरांनी कुरतडलेला, दोन पट्ट्या बसलेल्या. खोक्यात पत्र नव्हतं. आमच्या गचके खाणाऱ्या कॅसेटचं रिकामं कव्हर तेवढं होतं. पेटी पुण्याला आणून दुरुस्तीला दिली. दुरुस्तीवाला म्हणतो सूर जुने आहेत, चांगले आहेत, वेळ लागेल. म्हटलं, लागू दे.

भावाचा परत फोन आला. "सांगितलं का तिले?"

"सांगितलं."

"काय म्हने?"

"पेटी दुरुस्तीला टाकली आहे."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "दादा, तुले समजवाले पाठवलं होतं."

"पुढच्या महिन्यात तिचा प्रयोग आहे," मी म्हटलं. "दोन तिकिटं काढलीयत. वहिनीला घेऊन ये. मलकापूरहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी पोचता. आधी ऐक, मग रागव."

'पाहतो' म्हणाला आणि फोन ठेवला. आमच्याकडे 'पाहतो' म्हणजे बहुतेक नाही. पण काल वहिनीनं इकडं विचारलं की पुण्यात सध्या थंडी किती आहे, स्वेटर आणावं लागेल का.

बघू या.